रिव्हेटच्या ओळी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

एकोणीसशे साठच्या आसपास मी जर्मनीत, स्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो. आमच्या संस्थेतलं एक जुनं कपाट रिकामं करायचं ठरलं. आत दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या विमानांची ड्रॉइंग होती, खळ लावलेल्या तलम कापडावर शाईने काढलेली. उकळत्या पाण्यात खळ गेली की झकास कापड मिळतं, म्हणून ज्याने त्याने एकेक घरी नेलं. माझ्या वाट्याला लष्कराच्या टेहळणी विमानाचं शीट आलं. पाण्यावर उतरणारं विमान, खाली चक्क बोट. पाडवा तोंडावर होता आणि मला चक्का टांगायला फडकं हवं होतं. मी ते पातेल्यात उकळलं. श्रीखंड छान झालं. माझ्या घरमालक आजोबांनी दोनदा मागून घेतलं. तुम्ही लोक दह्याला फाशी देता आणि तरी ते गोड होतं, असं म्हणून हसले.

महिन्याभराने त्यांनीच विचारलं, तुमच्या संस्थेत विमानांची जुनी ड्रॉइंग आहेत ना? तरुणपणी ते ड्राफ्ट्समन होते. त्यांनी ज्याची बोट आखली, असं एक टेहळणी विमान उतरताना तळाशी फाटलं आणि वैमानिक गेला. सांध्यावर पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची एकच ओळ दाखवली, असा ठपका चौकशीत यांच्यावर आला. आजोबांचं म्हणणं, मी दोन काढल्या होत्या, कारखान्याने एक मारली. मूळ शीट कोणी काढून पाहिलंच नाही. त्याचा नंबर त्यांनी मला चिठ्ठीवर लिहून दिला.

तो नंबर पातेल्यात विरघळताना मी पाहिला होता. ओळी मोजल्या नव्हत्या.

आठ दिवस शोधल्याचं सोंग करून मी सांगितलं, सापडलं नाही.

“मग मीच एक काढली असेल,” ते म्हणाले. “इतकी वर्षं उगाच दुसऱ्यांना नावं ठेवली.”

“तसं नसेल हो.”

“तुम्ही पाहिलंत का?”

“नाही,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी त्यांनी त्या वैमानिकाच्या बायकोला पत्र लिहिलं, चूक माझीच होती म्हणून. म्हातारपणी अक्षर बिघडलं होतं, म्हणून पाकिटावरचा पत्ता माझ्याकडून लिहून घेतला. सोमवारी संस्थेत जाताना मी ते टपालपेटीत टाकलं.