आत्याच्या घशात अडकलेलं ‘आपण’

रोज सकाळी आत्या मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायची. मग रिकामा पेला तोंडाशी धरून म्हणायची, “हॅलो, हॅलो.” पेला घुमला की आवाज ठीक. त्यानंतर चहा.

आवाजावरच तिचं पोट होतं. रिक्षाच्या टपावर भोंगा, मागच्या सीटवर माइक धरून आत्या. चपलांचा सेल, उद्या पाणी येणार नाही, हिरव्या फ्रॉकातली मुलगी हरवली आहे, सगळं एकाच सुरात. “बातमी त्यांची, घसा माझा. मी कशाला रडू?” म्हणायची. गल्लीत तिला भोंगाआत्याच म्हणत.

तिची एकुलती मुलगी सीमेपलीकडे दिली होती. तिकडे युद्ध पेटलं. आमच्या देशाचं त्यात काही नव्हतं, पण इकडे निवडणूक होती. मुलीचा फोन लागेनासा झाला आणि त्याच आठवड्यात सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता घोषणेचा कागद घेऊन आला. “पलीकडे आग लागली आहे. आपण मात्र सुखाने झोपतो. कोणामुळे?” खाली नेत्याचं नाव.

“यातलं ‘आपण’ म्हणजे कोण रे?” आत्याने विचारलं.

“आपण म्हणजे आपण! तुम्ही, मी, सगळे.”

“मी कुठे झोपते?”

“अहो आत्या, जाहिरात आहे ही. सेल ओरडता म्हणून चपला घेता का?”

“घेते की. ही त्यातलीच.” तिने पाय पुढे केला.

दोघंही हसली. रिक्षा निघाली.

मी कॉलेजातून परतत होते. चौकात तिचा नेहमीचा सपाट आवाज ऐकू आला, “पलीकडे आग लागली आहे. तुम्ही मात्र सुखाने झोपता. कोणामुळे?”

न्हाव्याच्या दुकानात गालाला फेस लावलेला माणूस वळला. “भोंगाआत्या आज टोमणे मारतेय की काय!”

कार्यकर्ता धावत आला. “आत्या, ‘आपण’ म्हणा, ‘आपण’!”

“म्हणते रे. घशात अडकतं.”

पुढच्या चौकातही तसंच झालं. त्याने माइक काढून घेतला. दुसऱ्या दिवसापासून कुणा दुसऱ्याच बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज फिरू लागला. तिला ‘आपण’ छान जमत होतं.

पक्ष जिंकला. आत्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही, चपलांच्या सेललासुद्धा. निकालानंतर एकदाचा मुलीचा फोन आला. तळघरात राहत होती, धड होती. पुढे तो कधीही यायचा, मध्येच तुटायचा. गुळण्या मात्र आत्याने सोडल्या नाहीत. “आवाज बसलेला ऐकला तर पोर घाबरेल.”

आत्या गेली त्या दुपारी मी तिच्या उशाशी होते. टीव्हीवर तीच आग, तोच नेता, तेच ‘आपण’. आत्याने डोळे उघडले.

“आवाज कमी कर गं त्याचा. फोन वाजला तर ऐकू यायचा नाही.”