चेंडू ज्याच्या हातात

“हात बघू नका, डोळे बघा.”

भाताचा चमचा तोंडापर्यंत आणून आमचे साहेब थांबायचे आणि मोकळ्या हाताने टीव्हीकडे बोट दाखवायचे. डाव संपेपर्यंत चमचा हवेतच.

हॅमिल्टनमधल्या आमच्या कंपनीच्या जेवणाच्या खोलीतली ही सोमवारची दुपार. अमेरिकेतला रविवार आमच्याकडे सोमवारी पोचतो, म्हणून तिथले फुटबॉलचे सामने आमच्या जेवणाच्या सुट्टीत सापडतात. न्यूझीलंडमध्ये राहून रग्बीऐवजी हे बघणारा माणूस तुम्हाला सहसा भेटणार नाही. पुण्याचा तर नाहीच.

मला त्या खेळातलं आजही फारसं कळत नाही. चेंडू हातात घेऊन तो कुणाकडे फेकायचा हे ठरवणारा एक क्वार्टरबॅक असतो, आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना अडवायला त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी असतात. आमचं भांडण समजायला एवढं पुरे.

भांडण टामाशी असायचं. टामा आमचा इलेक्ट्रिशियन. तरुणपणी रग्बीत पहिल्या फळीत खांदा लावून खेळलेला, त्यामुळे त्या पाच गड्यांचा जन्मजात वकील.

“बॉस, ते पाच जण बाजूला झाले तर तुझा हीरो स्ट्रेचरवरून घरी जाईल.”

“अरे, भिंत कुणीही बांधतं. भिंतीमागून बघतो तो एकटा!”

“आणि चेंडू झेलणारे?”

“त्यांच्या हातात अचूक पडतो म्हणून झेलतात. तुझ्या हातात दिला तर तू खाशील.”

टामा मोठ्याने हसायचा आणि त्यांच्या डब्यातलं थालीपीठ उचलायचा. मी मध्ये पडले, की मला ऐकायला मिळायचं, “बाई, तुम्ही तुमचं वेळापत्रक सांभाळा.” मी कामांची वेळापत्रकं करते. मी म्हणायची, “साहेब, जेवणाची सुट्टी संपली, हेही वेळापत्रकातच आहे.”

ते क्वार्टरबॅकची बाजू का घेतात, हे उघड होतं. आमच्याकडचे क्वार्टरबॅक तेच होते.

आमची कंपनी दूध पावडरचे कारखाने उभारून चालू करून देते. उंच टाकीत वरून दुधाचा फवारा सोडायचा, गरम हवेने तो वाळवायचा, खाली पावडर पडते. ऐकायला सोपं आहे. हवा जास्त तापली तर आत आग लागते, कमी तापली तर टाकीभर चिखल. कारखाना चालू करायच्या पहिल्या दिवशी ते कंट्रोल रूममध्ये खुर्चीत बसायचे आणि टामासकट त्यांचे चौघे रेडिओ घेऊन वेगवेगळ्या मजल्यांवर उभे राहायचे. चौघे एकदम बोलत. मला नुसती खरखर ऐकू यायची. ते मात्र प्रत्येकाला त्याचं उत्तर द्यायचे, नजर पडद्यावरून न हलवता.

एकदा पडद्यावर सगळे आकडे ठीक असताना त्यांनी दूध बंद करायला लावलं. गिऱ्हाईकाचा मॅनेजर भडकला. ते म्हणाले, “टामा, तुझ्या बाजूची तोटी उघडून बघ.” तोटी अर्धी तुंबलेली निघाली. आणखी थोडा वेळ गेला असता तर काय झालं असतं, हे त्या मॅनेजरच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“कसं कळलं?” मी विचारलं.

“टामा ‘स्वीट ॲज’ म्हणाला, सगळं झकास आहे म्हणून, पण म्हणायच्या आधी थांबला. त्याला काहीतरी खटकलं होतं. काय ते त्यालाच कळलं नव्हतं.”

मी सहसा कुणावर भाळत नाही. त्या दिवशी मी नुसतं त्या माणसाकडे बघत राहिले. टामाने अर्थातच सोमवारी दावा केला, की तोटी त्याच्या थांबण्यामुळे सापडली. “आणि ते थांबणं ऐकलं कुणी?” हे त्यांचं उत्तर. भांडण परत पहिल्यापासून सुरू.

मग कंपनीत ‘रिस्ट्रक्चर’ आलं. हा शब्द आला की इथली माणसं एकमेकांशी फार सौजन्याने वागायला लागतात. प्रस्ताव असा होता, की साहेबांना ठेवायचं आणि चौघांना काढायचं. प्रत्येक कामापुरती बाहेरची माणसं घ्यायची. कारखाना चालू करणारे ते, बाकीचे काय, बदलता येतात.

इथे निर्णय होण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि त्या बैठकीला आधाराला म्हणून एक जण सोबत नेता येतो. त्याने बाजूला बसायचं, फार बोलायचं नाही. त्यांनी मला नेलं. “तुम्ही चला. तुम्ही रडत नाही.”

खोलीत कंपनीच्या डायरेक्टरने त्यांची स्तुती सुरू केली. त्यांनी हात वर करून ती थांबवली.

“मला काढा, चौघांना ठेवा,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी टामाचं सगळं वकीलपत्र घेतलं. भिंत हलली तर मागचा माणूस काय बघणार. झेलणारे नसतील तर फेकून काय उपयोग. सोमवारी ज्या मुद्द्यांची त्यांनी इतकी वर्षं टर उडवली होती, ते एकेक करून, टामापेक्षाही चांगले मांडले. मी खुर्चीची कड धरून ऐकत होते.

डायरेक्टरने सरळ विचारलं, “तुमच्याशिवाय हे चौघे कारखाना चालू करू शकतील?”

“आरामात. मी नुसता बसलेला असतो.”

हे धडधडीत खोटं होतं. त्या खोलीत ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. मी बोलले नाही. मला त्यासाठीच नेलं होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “साहेब, हे काय केलंत?”

“मला कुठेही काम मिळेल. टामाला या वयात कोण घेणार? आणि तो नसेल तर मी ऐकू काय?”

चौघे राहिले. साहेब बायकोसह दूर पोरिरुआ शहरात गेले. तिथे त्यांना काम मिळालं, पाण्याच्या पंपांवर देखरेखीचं. टामाला खरी गोष्ट मी सांगितली.

त्यानंतरचा पहिला कारखाना चौघांनी चालू केला. टामा खुर्चीत. जे काम साहेब जेवणाआधी उरकायचे, त्याला अख्खा दिवस लागला. दोनदा दूध बंद करावं लागलं, एकदा टाकी धुवावी लागली. टामाचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाहेर अंधारायला लागलं तेव्हा खाली पावडर पडू लागली, पांढरी, कोरडी, जशी हवी तशी.

टामाने तिथूनच फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“चालू झाला, बॉस.”

“वा! किती वेळ लागला?”

टामाने माझ्याकडे बघितलं.

“जेवणाच्या आधीच झाला. काही त्रास नाही.”



“मग? मी काय सांगितलं होतं!” ते म्हणाले.

जेवणाआधी झालेल्या कामाचा फोन संध्याकाळी का आला, हे मात्र त्यांनी विचारलं नाही.