परतीची गाडी आहे

आमच्या भागात कार्यक्रम उद्या असतो आणि त्याची बातमी आज तयार असते. मंचरला माझं फ्लेक्स आणि झेरॉक्सचं दुकान आहे. फ्लेक्स न्यायला आलेला माणूस जाता जाता म्हणतो, "ताई, जरा प्रेसनोट बी करून द्या की राव." मग मी मांडव पडायच्या आधीच 'मोठ्या उत्साहात संपन्न झाला' असं लिहून मोकळी होते. त्याखाली नावं. प्रेसनोट म्हणजे खरं तर नावंच, वरचा मजकूर त्यांना टेकायला. कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं, कुणापुढे 'माजी' लावलेलं खपत नाही, हे सगळं मला पाठ आहे आणि त्याचा मला थोडा तोराही आहे.

हल्ली पेपरपेक्षा ग्रुपवर आणि फेसबुकवर टाकायला मजकूर हवा असतो, म्हणून मी एआय वापरायला लागले. फोनमध्ये तोंडी माहिती सांगायची, चहा येईपर्यंत मजकूर हजर. भाषा मंत्र्याच्या पीएसारखी आणि जिथे तिथे रॉकेटचं चित्र घालायची खोड, पण तेवढं मी झाडून काढते.

मागच्या हिवाळ्यात आईचंच काम निघालं. आई अंगणवाडीतून रिटायर झालेली, शिनोलीजवळच्या आमच्या गावी राहते. बुद्धविहाराच्या मागची खोली तिने सगळ्यांच्या मागे लागून अभ्यासिका करून घेतली होती. टेबलं आली, ट्यूबलाइट लागल्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं आली. मुलगे येतील याची तिला खात्री होती. तिला हव्या होत्या मुली, आणि त्याही फक्त आमच्या आळीतल्या नाही, तर मळ्यातल्या वस्त्यांवरच्या सगळ्या. दिवसा त्यांना कॉलेज आणि घरकाम, म्हणजे संध्याकाळच उरली. "पोरी न्हाई आल्या तर कुलूप लावीन खोलीला," ती म्हणाली. आई असं म्हणाली की करते, त्यामुळे मला धास्ती वाटत होती.

उद्घाटनाच्या आधी एका दुपारी मी तिच्या ओट्यावर बसून एआयला माहिती सांगितली. ती समोर मेथी निवडत होती. मजकूर आला, मी मोठ्याने वाचला. 'ज्ञानाचा अखंड दीप प्रज्वलित' ऐकून आई म्हणाली, "लाइट हाय की आपल्याकं. दीप कशाला?" मी फोनला सांगितलं, सोशल मीडियासाठी आहे, छोटं कर. त्याने छोटं केलं आणि सगळी नावं उडवली. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, सगळे साफ! मी चिडून जाब विचारला. तर फोनवर वाचणारा नावांच्या यादीपर्यंत पोचत नाही, असं नम्रपणे सांगून त्याने उलट मलाच विचारलं, हे वाचून वाचणाऱ्याने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

इतक्या प्रेसनोटा लिहिल्या, पण वाचून कुणी काही करावं असं कधी मनातही आलं नव्हतं. आपलं नाव शोधावं, कात्रण जपून ठेवावं, संपलं. मी आईला विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, "आईबापांनी पोरी धाडाव्यात. दुसरं काय?"

मी तसं कळवलं. लगेच पुढचा प्रश्न आला, ते मुलींना का पाठवणार नाहीत?

याचं उत्तर अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. ऊस आणि बिबट्या. दिवस मावळला की वस्तीवरचा माणूस आधी बॅटरी फिरवतो आणि मग अंगणाबाहेर पाय टाकतो. हे सांगितल्यावर एआयने उत्साहाने लिहिलं, 'मुलींना बिबट्यापासून संपूर्ण सुरक्षितता'. आई भडकली. "संपूर्ण? आपून काय बिबट्याला नोटीस धाडलीय व्हय? खोड ते आधी. हातात हाय तेवढंच लिव."

पण हातात काहीच नव्हतं. आईने मेथी तशीच टाकली, चपला घातल्या आणि बांधापलीकडच्या पिकअपवाल्याचं घर गाठलं. तो दुपार कलली की कांदा-बटाटा घेऊन मंचरच्या मार्केटला जातो आणि दिवेलागणीनंतर रिकामी गाडी घेऊन येतो. मीही मागोमाग गेले.

"काकू, मी लई दमल्याला असतो त्या टायमाला," तो म्हणाला.

"पोरी बडबडत्यात. झोप न्हाई लागायची तुला," आई म्हणाली. "आन् संगं मी बसन रोज."

तो हसला. त्याची स्वतःची मुलगी दाराआडून ऐकत होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "बरं. मग आमची बी येईल."

त्या दिवशी ग्रुपवर गेलेला मजकूर माझ्या आयुष्यातला सगळ्यात छोटा. संध्याकाळी अभ्यासिका उघडी राहील, परतीची गाडी आहे, गाडीत आजी असतील, प्रत्येक मुलीला दारात सोडू. पेपरसाठी सगळ्या नावांची वेगळी नोट केली, उगाच वैर कशाला घ्या. तरी एका मान्यवरांचा फोन आलाच.

"ताई, आमचं नाव दिसंना."

"पेपरला येईल ना, भाऊ."

"पेपर कोण वाचतंय आता?"

दुसऱ्या दिवशी तोच मजकूर, वर त्यांचा गोल फोटो आणि 'शुभेच्छुक' लावून फिरू लागला. ते बघून दुसऱ्यांनी आपला फोटो लावला, मग तिसऱ्यांनी. चेहरे बदलत गेले, खालचं अक्षर कुणी हलवलं नाही, आणि एकही वस्ती सुटली नाही. दुकानात एकटीच हसत बसले होते मी. ही युक्ती एआयला काही सुचली नसती.

उद्घाटनाला हार झाले, भाषणं झाली, मुली मात्र फोटोपुरत्या. आईचं लक्ष सारखं रस्त्याकडे. खऱ्या मुली दुसऱ्या दिवशी आल्या, बापांच्या मोटारसायकलवर बसून. बाप खोली बघायचे, आईला बघायचे, विचारायचे, "गाडी हाय ना पण नक्की?" आणि मुलीला ठेवून जायचे. टेबलं भरली तेव्हा आई उगाचच एक खुर्ची पुसत राहिली.

त्या संध्याकाळी मीही पिकअपमध्ये मागे बसले. प्रत्येक वस्तीवर आई मुलीबरोबर खाली उतरायची, आतून कडी वाजली की परत वर चढायची. सगळ्या उतरल्या आणि आम्ही दोघीच उरलो. गार वारा, खाली कांद्याची रिकामी पोती. मी फार खुशीत होते.

आई म्हणाली, "तुझा बारावीचा क्लास व्हता घोडेगावला. अंधाराचा सुटायचा म्हून मी बंद केला."

"तेव्हा गाडी कुणाकडे होती गं?"

"न्हवती." तिने खांद्यावरची शाल ओढून घेतली. "पर मी कुणाला इचारलं बी न्हवतं."

क्लास सुटल्याचा माझा राग कधीच विरून गेला होता. तरी हे वाक्य मला तिच्याकडून ऐकायचं होतं, हे मला तिथे त्या पोत्यांवर बसल्यावर कळलं. मी तिची शाल नीट केली आणि तिच्याजवळ सरकून बसले.