चित्रातला डावा गाल

मंडळी, राहवत नाही म्हणून सोसायटीच्या बोर्डावर हा कागद लावतोय.

उद्या आमच्या हिचं तेरावं. हार घालायला धड फोटो नव्हता, म्हणून हिच्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या वर्षाला चित्र काढायला सांगितलं. आज तिने आणून दिलं. कुंकू, डोळे, सगळं हुबेहूब. तरी मी चिडलो.

"अगं, गाल सुजवलास कशाला?"

"आजोबा, दिवाळीपासून सुजलेलाच होता. तुम्ही आलात की आजी पदर ओढून घ्यायच्या."

डॉक्टर म्हणाले होते, तोंडाचा कॅन्सर फार उशिरा कळला.

वर्षाने खोडरबर काढला. "पुसू?"

नको म्हणालो. चित्र तसंच लावणार आहे. उद्या या, पोरीचा हात बघा.

आणि खरं सांगा, तुमच्यापैकी आणखी कुणाला तो गाल दिसला होता का?