भटू नानांच्या ट्रकची नळी

मंगळवार, ८ एप्रिल २०२५. ऊन फार. सकाळी दळण आणलं. लेक वृषालीचा पुण्याहून फोन, सगळे ठीक. गच्चीवर कुरडया घातल्या, त्यातल्या निम्म्या कबुतरांनी नासवल्या. दुपारी भटू नानांच्या ट्रकची एक नळी तोंडाने ओढून पाहिली. पडदा शाबूत.

रोजनिशीत मी लांबण लावत नाही. घडलं ते लिहावं, वाटलं ते लिहू नये, असं मिशनच्या शाळेत सिस्टरने शिकवलं आणि ती सवय पुढे राहिली. पण भटू नानांचं एका ओळीत मावत नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

देवपुरात आमच्या कंपाउंडला लागून एक मोकळा प्लॉट आहे. त्यात कडुनिंबाखाली त्यांचा ट्रक उभा असतो, आणि पलीकडे त्यांच्या दोन खोल्या. ट्रक पेट्रोलवर चालणारा, लष्कराच्या लिलावातून घेतलेला. नानांनी तरुणपणी सावद्याहून दिल्लीला केळी नेली, ती दुसऱ्यांच्या गाड्यांवर. हा एकच ट्रक त्यांचा स्वतःचा. त्यावर त्यांनी विटा वाहिल्या, मंडपाचं सामान वाहिलं, टंचाईच्या वर्षी पाणी वाहिलं. पेट्रोल परवडेना तेव्हा धंदा थांबवला, ट्रक मात्र विकला नाही. वर्षातून एकदा, जयंतीच्या मिरवणुकीत, बाबासाहेबांची प्रतिमा त्याच ट्रकवर निघते आणि स्टिअरिंगवर नाना असतात. त्या दिवशी पांढरा शर्ट, पांढरी पँट. बायामाणसं वाटेत थांबवून आधी प्रतिमेला हार घालतात, मग एक नानांच्या गळ्यात.

त्यांची बायको सुंदरबाई गेल्यावर वर्षाचा तेवढाच एक दिवस त्यांच्याकडे माणसं येत. मुलगी समीक्षा सुरतला, तिचा तिकडे संसार.

दोन हिवाळ्यांमागे नानांच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी उठले तर डावा गाल लोंबलेला. औषधाने बरंच सुधारलं, पण ओठाचा डावा कोपरा नीट मिटला नाही तो नाहीच. घास बाहेर येतो, म्हणून लग्नकार्यात जेवणं सोडलं. चहा प्यायचा तर भिंतीकडे तोंड करून. मग हळूहळू चहालाही कुणाकडे जाईनासे झाले. बोलणं उरलं ते ट्रकशी. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, पुसायचं, बंद करायचं.

आणि गेल्या वर्षी तो ट्रक मिरवणुकीत तापला. पांझरेच्या पुलाअलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली. पोरांनी बादल्या ओतल्या, शेवटी प्रतिमा उतरवून ट्रॅक्टरवर चढवावी लागली. समितीचा चिटणीस प्रशील हा सुंदरबाईंचा भाचा. त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नाना, पुढच्या वर्षी भाड्याचीच गाडी आणू." यंदा नानांनी हातापाया पडून कबूल करून घेतलं होतं, की मंगळवारी संध्याकाळी येऊन गाडी बघा, मग ठरवा.

म्हणून त्या मंगळवारी सकाळपासून इंजिन चालू होतं. खोकायचं, ठोके मारायचं, बंद पडायचं. दुपारी मी कुरडया राखून खाली आले आणि कंपाउंडवरून विचारलं, "नाना, काय झालं तिला?"

"अॅडव्हान्सना पडदा फाटेल शे, अक्का. जळगावपासून मालेगावलोंग बठ्ठी दुकानं पाहिनू. नही मिळत."

मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी समजावलं. प्लगमध्ये ठिणगी कधी पडावी याला टायमिंग म्हणतात. इंजिन हळू चालत असेल तर ठिणगी जराशी आधी पडावी लागते, नाहीतर उष्णता आतच साठते. ते जराशी आधीचं काम एका पत्र्याच्या डबीचं. डबीत रबरी पडदा. इंजिन नळीतून हवा ओढतं, पडदा सरकतो आणि ठिणगी लवकर पडते. मिरवणुकीत गाडी माणसाच्या चालीने जाते, तेव्हा या डबीवाचून तापणारच. पडदा फाटला म्हणून नानांनी नळीत स्क्रू कोंबून ती बंद केली होती, आणि ती कसर भरून काढायला अंदाजाने टायमिंग पुढे ओढत होते. त्यानेच ठोके येत होते.

"फाटलाय कशावरून?"

"हे पाहा." त्यांनी इंजिन बंद केलं, स्क्रू काढून नळी ओठांत धरली आणि हवा ओढली. ओढून नळीच्या तोंडाशी जीभ लावायची; पडदा शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते. चाळीस वर्षं ते असंच तपासत आले होते. "नही चिकटत. दीड वरीस व्हई गयं."

तोवर मी फाटकातून ट्रकजवळ येऊन उभी होते. हवेचा बारीक आवाज मला ऐकू आला. तो डबीतून येत नव्हता. नानांच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून येत होता.

हे माणसाला सांगायचं कसं? मी म्हटलं, "मी ओढून बघू का?"

"तुम्ही? ग्रीस शे अक्का, तोंड काळं व्हई."

"या वयात कोण बघतंय?"

ते हसले, त्यांच्या त्या वाकड्या हसण्याने. नळी फडक्याने तीनदा पुसून दिली. मी ओढली, जीभ लावली. जीभ अशी धरली गेली की ओढून काढावी लागली, आणि सुटताना फट् असा आवाज झाला. रबराची चव रात्रीपर्यंत गेली नाही.

नाना नळी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिले. मग हात आपोआप गालावर गेला.

"म्हणजे गाडी चांगली शे," ते म्हणाले. "तोंड मन्हं खराब."

मी घरातून दोन खुर्च्या आणल्या.

मग त्यांनी नळीत स्क्रू पुन्हा घालून आधी मूळ टायमिंग लावलं. त्यांच्याकडे भराभर उघडझाप करणारा दिवा आहे; इंजिनाच्या पुढच्या चाकावर खडूची रेघ मारून त्यावर तो धरला की फिरणारी रेघ उभी राहिल्यासारखी दिसते. दिवा मी धरला. नाना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर चिमटीत धरून केसभर केसभर फिरवत होते.

"बोला अक्का."

"रेघ खुणेच्या वर आहे... आली. थांबा, गेली पुढे. मागे घ्या."

"आते?"

"आता अगदी समोरासमोर."

त्यांनी बोल्ट आवळला, नळीतला स्क्रू काढला आणि नळी तिच्या जागी बसवली. त्याबरोबर इंजिनाचा आवाज चढला आणि मऊ झाला. त्यांनी एक स्क्रू पिळून तो खाली आणला. मग आम्ही खुर्च्यांवर बसलो, ट्रक सुरूच ठेवून. ऊन उतरेपर्यंत उष्णतेचा काटा निम्म्याच्या वर गेला नाही. इतका वेळ कुणाजवळ बसून मला बरेच महिने झाले होते, त्यांनाही झाले असावेत.

संध्याकाळी प्रशील आला. सोबत राजदीप, टेम्पो चालवणारा पोरगा. प्रशीलने काटा बघितला, बॉनेटला हात लावला.

"काय जादू केली नाना? पडदा कुठून मिळाला?"

मला वाटलं, मिळाला म्हणतील. मिळाला म्हटलं असतं तर संपलं असतं.

"पडदा चांगलाच व्हता रे," नाना म्हणाले. "मन्हं तोंड मिटत नही, हवा तठून निघे. माले वाटनं गाडीमा खोट शे. अक्कानी ओढी पाहं, तवय समजनं."

राजदीप हसला. प्रशीलही हसला, मग पुन्हा काट्याकडे बघू लागला.

"म्हणजे गेल्या वर्षी गाडी तापली ती..."

"मन्ही चूक."

"नाना, वाईट वाटून घेऊ नका. पण डोळाही तुमचा एका बाजूचा नीट मिटत नाही. गर्दी असते, लेकरं चाकापुढे नाचतात. तुम्हाला एक कळलं नाही, उद्या दुसरं कळणार नाही."

"तोंडवर गाडी नही चालत प्रशील."

"मला माहीत आहे. पण समितीला मी काय सांगू?"

नाना माझ्याकडे बघत नव्हते. इंजिन चालू होतं, एकसुरात.

"गाडी नेऊ," प्रशील म्हणाला. "गाडी आपलीच नेऊ, नाना. राजदीप चालवेल. तुम्ही पुढे बसा त्याच्या शेजारी."

"शेजारी कसाले? तठे माणूस काय करस?" नानांनी हात आत घालून इंजिन बंद केलं. चावी राजदीपच्या हातावर ठेवली. "पहिला गिअरमाच ठेवजो. क्लचवर पाय ठेई बसू नको. आनि त्या नळीले हात नही लावाना."

सोमवारी ट्रक निघाला. निळ्या पताका, फुलं, प्रतिमा. नाना पांढऱ्या शर्टात फाटकाशी उभे होते. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा ते माझ्या ओसरीवर येऊन बसले. मी चहा केला. त्यांनी नको म्हटलं. ताशांच्या आवाजाखाली इंजिन ऐकू येत होतं, ते मान कलती करून ऐकत होते. मला ऐकू येईनासं झालं, त्यानंतरही त्यांची मान तशीच होती.

मग प्रशीलचा फोन आला. मोठ्याने बोलत होता, मलाही ऐकू गेलं. "नाना, पूल ओलांडला! काटा निम्म्यावर!"

"हां," नाना म्हणाले. "हार पडनात का?"

"खूप पडले. राजदीप दिसत नाहीये हारांत!"

"बरं."

फोन खिशात टाकून ते उठले. "येतो अक्का," म्हणाले आणि प्लॉटमधून गेले. ट्रक उभा राहतो तिथे तेलाचा डाग आहे, त्याला वळसा घालून.

त्या संध्याकाळी लिहिलं: जयंती. मिरवणूक वेळेवर निघाली. ट्रक तापला नाही. नळाला पाणी आलं, दोन्ही पिंपं भरून झाकून ठेवली.