सहा वाजून सात मिनिटांचं फाटक

जिनेत,

तू हे वाचणार नाहीस, तेव्हा खुशाली विचारत बसत नाही. तू गेलीस त्याला तेरा दिवस झाले. काल नगरपालिकेची माणसं आली आणि तुझं फाटक घेऊन गेली. टेम्पोत मावेना म्हणून दांड्याचे दोन तुकडे केले. तुझ्या कोंबड्या मी आणल्या आहेत. तुझ्यासारख्याच आहेत, कुणाचं ऐकत नाहीत. घंटी माझ्याकडेच आहे. लिहायला बसले ती तिच्याबद्दल, आणि बघ, लिहिते आहे कोंबड्यांबद्दल.

एवढं लिहून सोलांजने पेन ठेवलं. छत्तीस वर्षं तिने पोरांना दटावून सांगितलं होतं, मुद्द्याचं आधी लिहा, फापटपसारा नको. आणि आता तिलाच मुद्द्यावर येता येईना.

जिनेतचं सगळं आयुष्य चौदा नंबरच्या फाटकावर गेलं. एकसष्ट साली, विसाव्या वर्षी, तिचं आल्बेरशी लग्न झालं. तो रुळांवरचा गँगमन. रेल्वेने त्यांना दोन खोल्यांचं घर दिलं, विहीर दिली, शेळीपुरतं गवत दिलं, आणि बदल्यात जिनेतला फाटक दिलं. गाडी यायच्या आधी चक्र फिरवून दांडा खाली घ्यायचा, गाडी गेली की वर. घरापासून हाकेच्या अंतरावर डोंगरात बोगदा. सहाशे मीटर लांब आणि मधोमध वळलेला, त्यामुळे अलीकडून पलीकडचा उजेड दिसत नाही. पलीकडे व्हेर्नेद गाव. रस्त्याने जायचं तर अख्ख्या डोंगराला वळसा, सायकलवर तास मोडतो. बोगद्यातून दहा मिनिटं. बोगद्यातून जायला मनाई होती आणि जात सगळेच होते. फक्त शिरण्याआधी फाटकाशी थांबून जिनेतला विचारायचं, "गेली का?" ती खिडकीतून सांगायची, "गेली, जा." तिच्या त्या दोन शब्दांवर लोक निर्धास्त अंधारात शिरत.

अडुसष्ट साली गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले. पुढे आल्बेरही गेला. तीस वर्षं त्या वाटेवर नुसती काटेरी झुडपं. मग जिल्ह्याने ती वाट साफ करून सायकलवाल्यांना दिली. मोटारीला बंदी. चढ असा की जाणवूही नये, कारण गाडीला जेवढा झेपायचा तेवढाच. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून कुठकुठले लोक येऊ लागले. एवढ्या डोंगराळ मुलखात घाम न गाळता फिरायला मिळतं म्हणून खूश. जिनेत त्यांच्या बाटल्या भरून द्यायची, जर्दाळू द्यायची, कुणाच्या घोट्याला खरचटलं तर पट्टी बांधायची. घर तिने सोडलं नव्हतं आणि फाटकाच्या चक्राला दर महिन्याला ग्रीस लावायचंही.

आणि रोज संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी ती दांडा खाली घ्यायची.

"आजी, कुठली गाडी यायचीय आता?" सायकलवाले हसून विचारायचे.

"यायचीय ती."

"रुळांशिवाय?"

"तिला काही अडत नाही. तू उतर खाली."

दहा मिनिटं दांडा खाली. लोक फोटो काढायचे. त्यांना वाटायचं, पर्यटकांसाठी ठेवलेली गंमत आहे. काहींना मात्र थांबल्या थांबल्या बोगद्यातून गार वारा अंगावर आलेला जाणवायचा आणि ते फोन खिशात टाकायचे. बोगद्यातून वारा येतो, त्यात काय एवढं, असं सोलांज म्हणायची. ती व्हेर्नेदहून आपल्या बॅटरीच्या सायकलवर यायची तीसुद्धा रस्त्याने, सगळ्या डोंगराला वळसा घालून. "माझ्या गुडघ्यांना व्यायाम हवा," असं कारण द्यायची. बॅटरीच्या सायकलवर कसला व्यायाम, हे जिनेतने तिला कधी विचारलं नाही.

"अगं, पन्नासच्या वर वर्षं लेट आहे ती गाडी," सोलांज बाकावर टेकत म्हणायची. "आज तरी रद्द कर."

"मास्तरीणबाई, तुम्ही तुमची शाळा सांभाळा."

"शाळा बंद पडली माझी."

"मग बसा गप्प."

गाडी कुठली, हे दोघींनाही ठाऊक होतं. चौसष्टच्या ऑक्टोबरातली, व्हेर्नेदच्या चेस्टनटच्या जत्रेची. त्या आठवड्यात जिनेतने मुरंबा केला होता. तिकडे चेस्टनटच्या मुरंब्याच्या बरणीवर ब्रँडीत भिजवलेला कागद बसवतात, दोऱ्याने आवळतात. कागद जाड लागतो, आणि रेल्वेची सूचनापत्रं चांगली जाड असायची. जुनी झाली की जिनेत त्यांच्या चकत्या कापायची. फाटकावरच्या सगळ्याच बायका तेच करायच्या. त्या दिवशी जुन्या गठ्ठ्यात एक नवं सूचनापत्र गेलं. त्यात लिहिलं होतं की जत्रेहून परतणारी एक जादा गाडी सहा वाजून सात मिनिटांनी फाटकावर येईल. आल्बेरने ते सकाळी टेबलावर ठेवलं होतं. जिनेतने वाचलं नाही, कापलं.

संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ क्लोविस सायकल घेऊन फाटकाशी आला. एकोणीस वर्षांचा होता, केस पाण्याने चापून बसवलेले.

"कुठे निघाली स्वारी?"

"व्हेर्नेदला. एक बरणी दे."

"कुणासाठी?"

"शाळेसाठी."

"अख्ख्या शाळेला एक बरणी? का नुसत्या नव्या मास्तरणीला?"

तो लाजला. बरणी त्याने कोटाच्या आत घातली. "गेली का?"

पाच चाळीसची गाडी जिनेतने स्वतः जाताना पाहिली होती. "गेली, जा."

तो घंटी वाजवत आत शिरला. बोगद्यात घंटीचा आवाज घुमायचा, ते त्याला लहानपणापासून आवडायचं. मग आतून शिट्टी आली.

क्लोविसच्या फुटलेल्या बरणीवरची चकती रुळांशेजारी सापडली, दोरा तसाच बांधलेला; ती त्या नव्या सूचनापत्राची होती. जिनेतने ती चौकशीवाल्यांच्या हातात दिली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तिला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची. पुन्हा तिने मुरंबा केला नाही. आणि कुणालाही कधी "जा" म्हटलं नाही. बाटली भरून दिली की ती पाठ फिरवून घरात जायची, तो सायकलवाला बोगद्यात शिरेपर्यंत.

यंदा जून महिन्यात नगरपालिकेची मादाम व्हिडाल आली. वाहनमुक्त वाटेवर आडवा दांडा धोक्याचा आहे, एक सप्टेंबरला तो निघणार. जिनेतने वाद घातला नाही. सोलांजला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी जिनेतने टेबलावर क्लोविसच्या सायकलची घंटी ठेवली, चेपलेली, पण घासून लख्ख केलेली.

"एवढं काम कर माझं," ती म्हणाली. "सहा वाजून सातला मी दांडा खाली घेईन. तू इथून शिर, बोगदा पार कर आणि पलीकडच्या तोंडाशी ही वाजव. मला ऐकू येतं. तो पलीकडे निघाला एवढं एकदा ऐकू दे. मग फाटक मी माझ्या हाताने उघडीन, आणि न्या म्हणावं ते."

"खुळी आहेस का? ऐंशीला टेकलेली बाई, बोगद्यात सायकल घालू? आणि त्याने काय होणार आहे?"

"तुला काही व्हायला नको. मला होईल."

"दुसऱ्या कुणाला सांग. दिवसाला शंभर जण जातात."

"त्यांची कोण वाट बघत होतं पलीकडे?"

एवढ्या वर्षांत जिनेतने पहिल्यांदा तो विषय काढला होता. सोलांज खरंच बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी उभी होती त्या संध्याकाळी, एकवीस वर्षांची, नवा स्कार्फ बांधून. पण जिनेतला माहीत होतं ते तेवढंच. आदल्या रविवारी क्लोविस म्हणाला होता, जत्रेच्या दिवशी रस्त्यानेच येतो, बोगदा नको. सोलांजच त्याला म्हणाली होती, "रस्त्याने? घाबरट कुठला! बोगद्यातून ये." जगाला तोंडावर खरं सांगणाऱ्या बाईने हे एक अठ्ठावन्न वर्षं सांगितलं नव्हतं. घंटी उचलून ती म्हणाली, "रविवारी करते."

रविवारी ऊन फार होतं. पुढच्या रविवारी जर्दाळूचा जॅम. मग गुडघा, मग बॅटरी, मग नातवंडं. जिनेत दर वेळी विचारायची, "झालं का?" आणि सोलांज चिडायची, "अगं हो, कुठे पळून चाललाय का तो बोगदा?"

"बोगदा नाही पळत," जिनेत म्हणायची.

वीस ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून सात मिनिटांनी दांडा खाली आला आणि वर गेलाच नाही. फाटकाशी बारा सायकली थांबल्या होत्या. सायकलमागे जोडलेल्या छोट्या गाडीत लहान मूल बसवलेलं एक जोडपं होतं, चार निवृत्त डच, बाकीचे असेच. शोभेचं फाटक आहे, आजी उघडतील, म्हणून सगळे शहाण्यासारखे थांबले. अर्धा तास. बाजूने जायला जागा होती, पण कुणी गेलं नाही. नंतर त्यांतली एक बाई म्हणाली, का कोण जाणे, पण खरंच काहीतरी यायचंय असं वाटत होतं. शेवटी एक डच म्हातारा बाकाशी गेला. जिनेत चक्रावर एक हात ठेवून बसली होती, तोंड बोगद्याकडे, ऐकत असल्यासारखी.

परवा, फाटक काढायच्या आदल्या दिवशी, सोलांज पहिल्यांदा बोगद्यात शिरायचं म्हणून सायकल घेऊन गेली. घंटी टोपलीत होती. सहा वाजून सात मिनिटांनी ती बोगद्याच्या तोंडाशी पोचली. आत नगरपालिकेने दिवे बसवलेत, माणूस जवळ आलं की लागणारे, मागे पडलं की विझणारे. ती अजून बाहेरच होती. वळणाच्या पलीकडे उजेड उमटला, मग वळणावर एक दिवा लागला. मग त्याच्या अलीकडचा. मग त्याच्या अलीकडचा. कुणीतरी तिच्याकडे येत होतं, सायकलच्या वेगाने. ती बाजूला सरली, येणाऱ्याला वाट द्यायला. शेवटचा दिवा लागला, थोडा वेळ जळला आणि विझला. बाहेर कुणी आलं नाही.

दिव्यांत बिघाड असेल. तिने नगरपालिकेला कळवलंही. मग सायकल वळवून ती रस्त्याने, सगळ्या डोंगराला वळसा घालून घरी आली.

आता तिने पेन पुन्हा उचललं.

जिनेत, तू "गेली, जा" म्हणालीस, पण बोगद्यातून ये असं त्याला मी सांगितलं होतं. हे तुला सांगायचं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला आत शिरवत नव्हतं. घंटी टेबलावर आहे. आज शनिवार. उद्या रविवार आहे, पण मी जाणार नाही, माझे रविवार तुला ठाऊक आहेत.