जोशीकाकांची गिटार

मुकुंदराव सेलूकरांच्या घरात नवी वस्तू यायची, वापरली जायची, पण कधी पूर्ण त्यांची व्हायची नाही. फ्रिज घेऊन सहा वर्षं झाली होती, तरी दारावरचं प्लास्टिक तसंच होतं. रिमोट पिशवीत, गाद्या वेष्टणात, आणि माळ्यावर सगळ्या वस्तूंची रिकामी खोकी. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "परत करायची वेळ आली तर?" भानुमतीबाई पाहुण्यांना सांगायच्या, "लग्नात मला वेष्टण नव्हतं म्हणून मी वाचले."

माणूस वाईट नव्हता हो. पण तीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत बाहेरून येणारा माल तपासायचं काम केलं, की माणूस असाच होतो. पेटी उघडायची, नग उचलायचा, उजेडात फिरवायचा आणि मनात म्हणायचं, कुठंतरी पाणी मुरतंय. महिन्यातून एकदा तर मुकुंदराव स्वतःच चांगल्या मालात तीन खराब नग मिसळून ठेवायचे. हाताखालच्या तपासनिसाला ते सापडले तर तो पास. सापडले नाहीत तर त्या बिचाऱ्याचा महिना वाईट जायचा. ही पद्धत तशी सगळीकडे असते, पण मुकुंदरावांचा तिच्यावर देवाइतका विश्वास होता.

निवृत्तीनंतर तपासायला माल उरला नाही. मग त्यांनी दुधाच्या पिशव्या, कोथिंबिरीच्या जुड्या आणि शेजाऱ्यांचे हेतू तपासायला घेतले. आणि होळीला पुण्याहून आलेल्या लेकीनं, स्वरदानं, अख्खा माणूसच समोर ठेवला.

मुलगा प्रणय बोडखे. मूळचा लासूर स्टेशनचा, घरी शेती. इंजिनिअरिंगला स्वरदाबरोबर होता. चांगली नोकरी सोडून औरंगपुऱ्यातल्या एका वाद्यांच्या दुकानात भागीदारीत बसला होता आणि गिटारी दुरुस्त करायचा. स्वरदा म्हणाली, "मेच्या पहिल्या शनिवारी मी येतेय. रविवारी त्याला घरी बोलावणार आहे. नीट भेटा बाबा, एवढंच म्हणणं आहे." मुकुंदराव म्हणाले, "बघू."

मुलगा शेतकऱ्याच्या घरचा म्हणून माझं काही नाही, असं ते भानुमतीबाईंना त्या आठवड्यात चार वेळा म्हणाले. चार वेळा म्हणावं लागलं, यातच काय ते समजा. पण खरी शंका वेगळी होती. नोकरी सोडलेला मुलगा, गोड बोलणारा असणार, आणि आपली एकुलती एक पोर भोळी. रविवारी चहा पिताना प्रत्येक जण चांगलाच दिसतो. माणूस कसा आहे ते कळतं तक्रार घेऊन गेल्यावर.

म्हणून मुकुंदरावांनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली.

आता तुम्ही म्हणाल, बासरी घ्यायची होती. पण त्यांचा हिशेब साधा होता. जितके सुटे भाग जास्त, तितकी फसवायला जागा जास्त. निवृत्त झाल्यावर त्यांनी मिशी उतरवली होती आणि स्वरदाच्या मोबाइलमधले त्यांचे सगळे फोटो मिशीचे होते, म्हणजे ओळखलं जायची भीती नव्हती. प्रणयच्याच दुकानात जाऊन बिलावर नाव सांगितलं, एम. जोशी. खोटेपणा पकडायला निघालेल्या माणसानं पहिलं काम हे केलं.

गिटार लाल रंगाची होती. तारांखालच्या पांढऱ्या पत्र्यावर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं. प्रणय ते सोलायला गेला, तसे मुकुंदराव म्हणाले, "राहू दे. हात लावू नका."

"काका, ते काढावं लागतं. हात घासला की त्याचा करकर आवाज स्पीकरमधून येतो."

"येऊ दे." मुकुंदरावांनी मनात नोंद केली: प्लास्टिक काढायची घाई. एकदा निघालं की परत घ्यायला नकार.

मुलगा अंगानं बारीक, डोळे कामात, बोलणं लासूरचंच. गोड वगैरे काही बोलला नाही. हेही त्यांना संशयास्पद वाटलं.

पहिल्या चार दिवसांत चार तक्रारी तयार झाल्या, आणि त्यातली एकही बनवलेली नव्हती. दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात त्यांना. त्यांची टोकं बाहेर आलेली, हात वरखाली केला की तळव्याला खरवडायची. तारा दांड्यापासून इतक्या उंच, की दाबताना बोटांना वळ उठायचे. गळ्यात पट्टा अडकवला की गिटारचं डोकं खाली झुकायचं आणि डावा खांदा दुखायला लागायचा. आणि ती करकर. मुकुंदरावांनी सगळं वहीत लिहिलं. वाजवता येत नव्हतं, पण प्रत्येक तार प्रत्येक पट्टीवर दाबून आवाज ऐकल्याशिवाय तपासणी कसली? दोन तास ते ट्यांव ट्यांव करत बसले. भानुमतीबाई भाजी घ्यायला क्रांती चौकापर्यंत पायी जाऊन आल्या.

गुरुवारी ते स्कूटरवर गिटार घेऊन दुकानात गेले.

प्रणयनं टोकांवरून बोट फिरवलं. "हवा लई कोरडी झालीय काका. उन्हाळ्यात आपल्याकडं लाकूड आकसतं आणि धातू आहे तेवढाच राहतो. म्हणून टोकं बाहेर येतात. मी घासून देतो."

हवेवर ढकललं, मुकुंदरावांनी नोंद केली. पण प्रणयनं कागदी पट्टी चिकटवून लाकूड झाकलं, बारीक कानशीनं एकेक टोक गोल केलं, आणि तासाभरानं म्हणाला, "आता फिरवा हात." तळवा लोण्यासारखा सरकला. पैसे विचारले तर म्हणाला, नवीन माल आहे, हे आमचंच काम.

फुकट. म्हणजे नक्की काहीतरी आहे.

दुसऱ्या गुरुवारी तारा. प्रणयनं दांड्याच्या टोकाला किल्ली लावून आतला स्क्रू पाव फेरा फिरवला. "एकदम नाय फिरवायचा. लाकडाला एक दिवस द्यायचा, मग बघायचं." हे मात्र मुकुंदरावांना पटलं, आणि पटलं म्हणून ते अस्वस्थ झाले. तारा उतरल्या. तारा नीट बसल्या का ते कळावं, म्हणून प्रणयनं त्यांना तीन बोटांची एक छोटी धून शिकवली. "ही वाजवून बघा घरी. कुठं खणखणली तर सांगा."

तिसऱ्या गुरुवारी पट्टा. गुळगुळीत पट्टा काढून प्रणयनं आतून खरखरीत असलेला रुंद पट्टा लावला, त्यांना उभं केलं, बसवलं, पुन्हा उभं केलं. "खांदा उचलू नका काका, सोडा सैल. कुणी मारत नाही." मुकुंदराव हसले. आपण हसलो हे त्यांना स्कूटरवर बसल्यावर लक्षात आलं आणि त्यांनी वहीत लिहिलं: मुलगा लाघवी, सावध राहावं.

चौथा गुरुवार आला आणि तक्रार उरली नव्हती. करकर होती, पण तिच्यावर तो प्लास्टिक काढा म्हणणार. शनिवार दोन दिवसांवर. मुकुंदरावांनी मग आपली जुनी पद्धत काढली. भानुमतीबाई देवळात गेल्या असताना त्यांनी गिटारच्या बाजूची चकती उघडली, जिथं वायर खुपसतात तिथली आतली एक तार कटरनं कापली आणि चकती पुन्हा बसवली. खराब नग मालात मिसळला.

दुकानात ते म्हणाले, "आवाजच बंद झाला. आपोआप."

प्रणयनं चकती उघडली. आपोआप तुटलेली तार झिजून, केस पिंजल्यासारखी तुटते. कापलेली सपाट असते, टोक चकचकतं. हे मुकुंदरावांना माहीत होतं आणि प्रणयलाही माहीत असणार. त्यानं तार पाहिली. मग क्षणभर काकांकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "माझीच चूक काका. मागं उघडली तेव्हा मीच ताणून बसवली असणार. पाच मिनिटं बसा, चहा सांगतो."

सापडला. डोळ्यांदेखत खोटं, तेही इतक्या सहज. आज तारेवर खोटं बोलतो, उद्या लेकीशी बोलेल. चहा त्यांनी प्यायला, तो चांगलाही होता. पण घरी जाताना जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

शनिवारी दुपारी पानं वाढली होती. स्वरदा म्हणाली, "उद्या सहाला येईल तो."

"बोलावू नकोस," मुकुंदराव म्हणाले. "मुलगा खोटं बोलतो."

"कुणाशी?"

"गिऱ्हाइकाशी."

"तुम्हाला काय माहीत?"

घ्या. महिनाभर डोळ्यांत तेल घालून सगळं तपासलं, पण हा एक प्रश्न येणार हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मुकुंदरावांनी वाटी खाली ठेवली आणि अहवाल द्यावा तसं क्रमानं सांगितलं. गिटार, जोशी नाव, गुरुवार, कापलेली तार. भानुमतीबाईंच्या हातातली पोळी हातातच राहिली. त्यांना वाटत होतं, नवऱ्याला म्हातारपणी संगीताची आवड लागली.

स्वरदा म्हणाली, "म्हणजे जोशीकाका तुम्ही?"

"तुला कसं माहीत ते नाव?"

"दर गुरुवारी फोनवर सांगतो तो. म्हणाला, एक निवृत्त काका येतात. बहुतेक घरी त्यांच्याशी बोलणारं कुणी नाही. गिटारचं निमित्त करून येतात, तासभर बसतात, बरं वाटतं त्यांना. परवा म्हणाला, निमित्त संपलं म्हणून बिचाऱ्यांनी स्वतःच तार कापून आणली. तोंडावर सांगितलं असतं तर लाजेनं परत आले नसते. म्हणून म्हटलं, माझी चूक."

मुकुंदरावांचे कान तापले. बोलणारं कुणी नाही? त्यांनी बायकोकडे पाहिलं, ती तरी नाही म्हणेल म्हणून.

भानुमतीबाई शांतपणे म्हणाल्या, "गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून जाता. निवृत्त झाल्यापासून आठ महिन्यांत दुसऱ्या कशासाठी घातलात?"

मुकुंदरावांना आठवलं, बुधवारी रात्रीच आपण शर्ट काढून ठेवतो. परवा तर दुकानातून येताना, पुढच्या आठवड्यात काय सांगायचं, याचा विचार करत होतो. लाज वाटली, आणि लाजेच्या खाली भीती वाटली. पोरानं आपल्याला उजेडात धरून फिरवून पाहिलं होतं, आणि आपल्याला पत्ताही लागला नव्हता.

"तुम्ही त्याला नाही तपासलंत बाबा," स्वरदा म्हणाली. "मला तपासलंत. पंचवीस वर्षं घरात आहे मी. माझ्यावरचंही प्लास्टिक काढलं नाहीत अजून." ती पानावरून उठली नाही, पण जेवलीही नाही. "मी त्याला काही सांगणार नाही. तुम्ही जाऊन सांगा. मग त्याला यावंसं वाटलं तर येईल. नाही वाटलं तर मी संध्याकाळच्या बसनं पुण्याला जाते, आणि परत कधी येईन ते आत्ता विचारू नका."

उन्हं चटकत होती. मुकुंदराव गिटार घेऊन औरंगपुऱ्यात पोचले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. इस्त्रीचा नव्हता.

"काका, आज शनिवारी?" प्रणयनं कामावरून मान वर केली.

"माझं नाव जोशी नाही. तार मी कापली होती."

"ते माहीत आहे काका. असू द्या."

"मी सेलूकर. स्वरदाचा बाप."

प्रणयनं हातातली तापलेली सोल्डरिंगची सळई स्टँडवर ठेवली. उठला नाही, वाकून नमस्कारही केला नाही. म्हणाला, "म्हणजे तुम्ही मला तपासायला येत होता."

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला इथं बरं वाटतं."

"तेही खरं होतं," मुकुंदराव म्हणाले, आणि घाबरले. कारण याचा पुरावा त्यांच्याकडे नव्हता. वहीत हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. तीस वर्षं ते पुराव्याशिवाय कुणाचं काही मान्य करत नव्हते, आणि आता समोरच्यानं नुसत्या शब्दावर विश्वास ठेवावा असं त्यांना पोटातून वाटत होतं. "ते खरं होतं रे. खरंच."

सवयीनं प्रणयनं गिटार मांडीवर घेतली, वायर लावली. मनगट पत्र्यावर घासलं आणि स्पीकरमधून करकर आली.

"हे अजून काढलं नाय तुम्ही."

"परत करायची वेळ आली तर, म्हणून."

"करायचीय का?"

मुकुंदरावांनी गिटार त्याच्या हातातून घेतली. प्लास्टिकचा कोपरा नखात येईना. महिनाभर तारा दाबून बोटांची टोकं कडक झाली होती. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा आला. सगळं प्लास्टिक त्यांनी एका दमात ओढून काढलं, चुरगाळलं आणि कुठं टाकावं ते कळेना म्हणून खिशात घातलं. मग ती तीन बोटांची धून वाजवली. एके ठिकाणी चुकली. करकर मात्र नव्हती.

"उद्या सहा वाजता घरी या," ते म्हणाले. "येणार असाल तर. आणि मी गुरुवारी येतो."

"गुरुवारी काय तक्रार घेऊन येणार?"

मुकुंदरावांनी मनापासून शोधली. "तक्रार नाही," ते म्हणाले.

"मग या," प्रणय म्हणाला, आणि पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.